रुग्णशय्येजवळची माता : कस्तुरबा गांधी

घरातील लहान मूल गंभीर आजारी पडले म्हणजे साऱ्या कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढलेली रात्र, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे लागलेले डोळे आणि उशाशी बसलेली माउली हे दृश्य कोणत्याही काळात बदलत नाही. व्रतनियम पाळणाऱ्या घरांत तर आणखी एक पेच उभा राहतो. आहाराविषयीची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आणि मुलाचा जीव यांपैकी कशाला कौल द्यावा? बुटीबोरीहून आजारी बालकाला घेऊन कोणी नागपूर गाठतो, तर कोणी वर्ध्याच्या वाटेने सेवाग्रामला जातो. सेवाग्रामच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या कस्तुरबांनी हा पेच स्वतःच्या घरात अनुभवला होता.

पहिला आघात

कस्तुरबांचा जन्म १८६९ मध्ये पोरबंदर येथे झाला. वडील गोकुळदास माकनजी हे तेथील प्रतिष्ठित व्यापारी. तेराव्या वर्षाच्या सुमारास मोहनदास गांधी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. परंतु व्रतवैकल्ये आणि आहारशुद्धी यांचे संस्कार दोन्ही घरांत दृढ होते. १८८५ मध्ये सासरे करमचंद यांचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जन्मलेले त्यांचे पहिले अपत्य तीन-चार दिवसांतच गेले. कस्तुरबा तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास हे चार पुत्र झाले. पहिल्या बाळाच्या वियोगाचे दुःख जिने सोसले, त्या मातेला मुलांच्या प्रत्येक दुखण्यात काय वाटत असेल, हे सांगावयास नको.

१८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा जैन मुनी बेचरजी स्वामी यांनी त्यांना मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली होती. १८९१ मध्ये परतल्यावर मुंबईस श्रीमद् राजचंद्र यांचा सहवास लाभला आणि अहिंसेचा तो संस्कार अधिक खोल गेला. या निष्ठेची कसोटी पुढे पुत्राच्या रुग्णशय्येजवळच लागली.

गिरगावातील ती रात्र

१९०२ मध्ये गांधी कुटुंब मुंबईत गिरगावात राहावयास आले. थोड्याच दिवसांत मणिलाल तापाने अंथरुणास खिळला. वय जेमतेम दहा वर्षांचे. काही वर्षांपूर्वी देवीच्या आजारातून तो कसाबसा वाचला होता. आता विषमज्वर, म्हणजे टायफॉईड झाला होता आणि त्यात न्यूमोनियाची लक्षणे दिसू लागली होती. रात्री मूल वातात बरळू लागले. तपासावयास आलेल्या पारशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की औषधाचा फारसा उपयोग होणार नाही; अंगात ताकद यावी म्हणून अंडी आणि कोंबडीचे सूप द्यावे लागेल.

अहिंसेची निष्ठा एका बाजूस आणि पोटचे मूल दुसऱ्या बाजूस, असा हा पेच होता. गांधीजींनी डॉक्टरांना आपली अडचण नम्रपणे सांगितली. स्वतःच्या जिवाविषयी निर्णय घेणे निराळे आणि मुलाच्या जिवाविषयी घेणे निराळे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. त्यांनी मणिलालला सारी हकिगत सांगून त्याचे मत विचारले. मुलाने अंडी व मांस नाकारले आणि वडिलांच्या जलोपचारास संमती दिली. तरीही डॉक्टरांना दूर केले गेले नाही. नाडी आणि छाती तपासण्यासाठी त्यांनी येत राहावे, अशी विनंती करण्यात आली.

थोड्या वेळाचे कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस असा उपचार सुरू झाला. ताप मात्र १०४ अंशांपर्यंत चढे. गांधीजींचे मन डळमळू लागले. लोक काय म्हणतील, थोरले बंधू काय म्हणतील, आपला प्रयोग मुलावर लादण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, असे प्रश्न त्यांना छळू लागले. एका रात्री त्यांनी ओल्या, पिळलेल्या चादरीत मुलाला गुंडाळले, वर दोन घोंगड्या घातल्या आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. अंग तव्यासारखे तापले होते आणि घामाचा थेंबही नव्हता. थकलेले गांधीजी मुलाला आईच्या स्वाधीन करून चौपाटीवर फिरावयास गेले. रात्रीचे दहा वाजले होते. मुखी रामनाम होते आणि छाती धडधडत होती.

आत्मकथेत या रात्रीची कहाणी पित्याच्या बाजूने आली आहे. कस्तुरबांचा उल्लेख एवढाच, की मूल त्यांच्या स्वाधीन केले होते. पण त्या एका उल्लेखात केवढे मोठे कर्तव्य सामावले आहे! पिता मोकळ्या हवेत मन शांत करू शकला, कारण माता शय्येपासून हलली नव्हती. गांधीजी परतले तेव्हा आतल्या उकाड्याने मूल कासावीस झाले होते, पण कपाळावर घाम दिसत होता. घाम फुटून हळूहळू ताप उतरू लागला. त्यानंतर सुमारे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध आणि फळांचा रस यांवर मणिलालची शुश्रूषा झाली. चारही भावांत पुढे त्याचीच प्रकृती सर्वांत निकोप राहिली, अशी नोंद पित्याने केली आहे. मूल कशाने वाचले हे कोणी सांगावे, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

स्वतःच्या जिवाचा निर्णय

पुढे दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या डरबानच्या डॉक्टरांच्या घरी अत्यवस्थ होत्या. गोमांसाचा अर्क दिल्यावाचून जबाबदारी घेता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पतीने निर्णय त्यांच्यावरच सोपवला. क्षीण अवस्थेतही त्यांनी निश्चयाने नकार दिला. पावसाच्या रिमझिमीत त्यांना आगगाडीने आणि नंतर झोळीतून फिनिक्स आश्रमात नेण्यात आले आणि तेथे त्या बऱ्या झाल्या. १९१८ च्या दुखण्यात दूध न घेण्याच्या व्रतामुळे गांधीजींची प्रकृती खालावली, तेव्हा शेळीच्या दुधाचा मार्ग कस्तुरबांनीच सुचवला. व्रताबद्दल आदर आणि जिवाबद्दल कळवळा या दोहोंचा मेळ घालण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

सेवाग्राम आणि अखेर

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील बा कुटी आजही कस्तुरबांच्या साधेपणाची साक्ष देते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तेथे हृदयविकार आणि न्यूमोनिया यांनी त्या खंगत गेल्या. आयुष्यभर मुलांच्या उशाशी बसलेल्या मातेच्या उशाशी आता पुत्र देवदास बसले होते. त्या काळी दुर्मीळ असलेले पेनिसिलिन विमानाने मागवण्यात आले. परंतु अखेरच्या घटकेस वारंवार सुया टोचून त्यांना यातना देऊ नयेत, असे गांधीजींनी पुत्राला समजावले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून कस्तुरबांनी देह ठेवला.

बंदिवासात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर यांनीच १९४५ मध्ये सेवाग्रामात स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय उभे केले. १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

या चरित्रापासून घ्यावयाचा बोध विवेकाने घ्यावा. १९०२ मध्ये टायफॉईडवर गुणकारी प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत. म्हणून घरगुती उपचारांत वेळ न दवडता तापाने फणफणलेल्या बालकाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, हाच खरा जीवदयेचा मार्ग होय. आहाराचा नियम असेल तर तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. दूध, डाळी व फळे यांतूनही मुलाचे पोषण कसे होईल, ते त्यांना विचारावे. मुलाला समजेल अशा शब्दांत सत्य सांगावे. घरातील माणसांनी आळीपाळीने जागावे, म्हणजे एकट्या मातेवर सारा भार पडणार नाही. शेजाऱ्यांनी व समाजबांधवांनी रुग्णालयात डबा पोहोचवावा आणि घरातील इतर मुलांना सांभाळावे. कस्तुरबांनी त्या रात्री एकटीने वाहिलेला भार इतरांच्या खांद्यावर थोडा जरी उतरला, तरी ती त्या मातेला वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.