रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

मंडळाच्या या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीत जन्म घेऊन सर्व समाजासाठी झिजलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी असे. नव्या पिढीस मात्र रविवारची सुट्टी मिळवून देणारे गृहस्थ एवढीच त्यांची ओळख उरली आहे. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका सामान्य फुलमाळी कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणावरच त्यांना संसाराचा भार उचलावा लागला. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत भांडारपाल झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी ते आधीच भारले होते. नोकरी सोडून ते सार्वजनिक कार्यात उतरले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे संपादकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

त्या काळच्या गिरण्यांची स्थिती आज आपणांस कल्पनेनेच जाणावी लागते. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवताच यंत्रे सुरू होत आणि अंधार पडेपर्यंत चालत. दिवस मोठा तसे काम मोठे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, परंतु त्याने लहान मुलांच्या तासांपुरतीच मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाने दिवसाकाठी किती तास राबावे, याविषयी कायदा मूक होता.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, अशी आमची विनंती आहे. आज जादा कामाचा जादा मोबदला आपण हक्काने मागतो. परंतु ज्या दिवसाला शेवटच ठरलेला नाही, त्यात जादा काय आणि नेहमीचे काय, हे कोणी व कसे मोजावे? आधी मर्यादेची रेघ ओढली जाते. मगच तिच्या पलीकडच्या तासाला किंमत येते. ती रेघ ओढण्याची मागणी गिरणी कामगारांच्या वतीने संघटितपणे मांडणारे पहिले पुढारी लोखंडे होत. त्यांचे खरे मोठेपण आम्हांस येथे दिसते.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. ती संधी साधून लोखंडे यांनी सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात पाच मागण्या होत्या : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय. आज या मागण्या माफक वाटतील. उन्हाळ्यात तर साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे विश्रांती वजा जाताही केवढे मोठे काम! पण जेथे मर्यादाच नव्हती, तेथे ती मागणे हेच धाडस होते. याच वर्षी त्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशनची स्थापना केली. या संस्थेपाशी निधी नव्हता, सभासदांची नोंदवही नव्हती. लोकांचा विश्वास हेच तिचे भांडवल होते.

सहा वर्षे त्यांनी चिकाटी सोडली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या काळी व्यासपीठावर स्त्री दिसणे दुर्मीळ, तरीही या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व मधली विश्रांती यांस आधार दिला आणि स्त्रियांचे काम ११ तासांवर आणले.

लोखंडे यांचे कार्य गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिक बांधवांना संघटित केले. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंगलीनंतर सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असतानाच त्या रोगाने त्यांना गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांनी देह ठेवला. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

त्यांनी मागितलेली रेघ त्यांच्या पश्चात हळूहळू उमटली. विजेचे दिवे आल्यावर मुंबईच्या गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांवर गेले होते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांस १२ तासांची मर्यादा मिळाली. १९२२ साली ती दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांवर आली आणि त्यापलीकडच्या कामास सव्वापट दर ठरला. १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामास दुप्पट दर दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतही दुप्पट दराचे तत्त्व आणि जादा कामासाठी कामगाराच्या संमतीची अट आहे. तत्पूर्वी सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास, आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली होती. त्यातही कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली होती.

चार पैसे अधिक मिळतात म्हणून जादा काम हवेहवेसे वाटते, हे आम्ही जाणतो. मुलांचे शिक्षण, घराचा हप्ता, बहिणीचे लग्न यांचा भार अनेक घरी त्याच पैशावर पेलला जातो. त्या कष्टांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु नोकरी जाईल या धास्तीने एकट्या माणसाने दिलेली संमती ही खरी संमती होय काय, हा प्रश्न आम्हांस सतावतो. लोखंडे यांनी एकेकट्याची सही मालकापुढे नेली नाही. ५,५०० सह्या एकत्र केल्या. त्यामुळे त्या अर्जास वजन आले.

कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांस आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या तासांची नोंद आपण स्वतः ठेवा, पगारपत्रकावरील जादा कामाचा दर तपासा, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी सोबत्यांशी बोला. रविवारी घरी मुलाबाळांत बसाल, तेव्हा या पुरुषाचे एकवार स्मरण करा.