हवेची धाव : जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप हा धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता, हे वाचून आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस नवल वाटेल. टायर म्हटला की कारखाना, भट्ट्या आणि धुराडी डोळ्यांपुढे उभी राहतात. उधन्यात वाढलेल्या मुलांच्या तर विशेषच. परंतु हवा भरलेले चाक ज्याने व्यवहारात रूढ केले, त्या मनुष्याने तोवरचे आपले आयुष्य घोड्यांचे खूर तपासण्यात आणि गाईगुरांस औषधे देण्यात घालविले होते.

स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकऱ्याच्या घरी, ५ फेब्रुवारी १८४० रोजी त्याचा जन्म झाला. लहानपणापासून तो प्रकृतीने नाजूक समजला जाई आणि पुढेही त्याने स्वत:स फार जपले. असा मनुष्य ८१ वर्षे जगला, ही त्यातली गंमत. एडिंबरो शहरी पशुवैद्यकाचा अभ्यास करून एकोणिसाव्या वर्षीच तो परीक्षा उत्तीर्ण झाला, काही वर्षे तेथेच व्यवसाय केला, आणि १८६७ साली आयर्लंडात जाऊन स्थायिक झाला. बेलफास्ट शहरातील त्याचा दवाखाना पुढे त्या देशातील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला. ज्या काळी गावातील सगळी वाहतूक घोड्यांच्या पायांवर चाले, त्या काळी घोड्यांच्या डॉक्टरास काम कमी पडण्याचे कारण नव्हते. वयाची सत्तेचाळीस वर्षे अशी सुखाने गेली.

आता त्या वेळच्या चाकाचा विचार करू. खानदेशातल्या आजोळी ज्यांनी जुनी बैलगाडी पाहिली असेल, त्यांस चाकावर चढविलेली लोखंडी धाव ठाऊक असेलच. बेलफास्टमधील गाड्यांनाही तशाच धावा असत, आणि रस्ते मात्र दगडांच्या फरशीचे. सायकलींना आणि मुलांच्या तीनचाकी गाड्यांना फार तर भरीव रबराची पट्टी बसविलेली असे. रबर पक्के करण्याची कृती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्येच शोधली होती. पण भरीव रबर ते भरीव रबरच. वाटेत दगड आला की संपूर्ण चाक त्यावर चढणार, त्याबरोबर वरचा भारही उचलला जाणार, आणि दगड ओलांडताच सारे खाली आदळणार. दर हाताला हे उचलणे आणि आदळणे. दमछाक होते ती यामुळेच.

डनलॉपचा मुलगा जॉनी तेव्हा नऊदहा वर्षांचा होता. त्याच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर फार हिसके बसत. हे हिसके कमी व्हावेत आणि मुलास सायकल वेगाने चालविता यावी, एवढाच बापाचा हेतू होता. १८८७ सालच्या ऑक्टोबरात त्याने एक मोठी लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी तयार करून ती तबकडीच्या कडेभोवती बसविली, तीवर तागाच्या कापडाची पट्टी गुंडाळून चुकांनी ठोकली, आणि मुलाच्या फुटबॉलचा पंप घेऊन नळीत हवा भरली.

यानंतर त्याने जे केले ते आम्हांस शोधाइतकेच मोलाचे वाटते. त्याने आपल्या चाकाची स्तुती करीत न बसता ते जुन्या चाकाशी ताडून पाहिले. अंगणात आधी सायकलीचे नेहमीचे चाक हाताने घरंगळत सोडले. ते काही अंतर गेले आणि कोलमडले. मग हवेचे चाक सोडले. ते अंगण ओलांडून थेट फाटकाच्या खांबावर आपटले आणि उलट मागे फिरले! अंगण तेच, हात तोच; फरक काय तो चाकाचा. मग सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना त्याने अशाच धावा बसविल्या. हवा दगडाला आपल्यात सामावून घेते, त्यामुळे चाकास दगडावर चढावे लागत नाही, ही त्यातली सारी किमया. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यास या योजनेचे पेटंट मिळाले.

प्रथम लोक हसले. इतके जाड, फुगलेले चाक कोणी पाहिले नव्हते. विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने मात्र अशा टायरांची सायकल विकत घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो चारही शर्यती जिंकला. त्या दिवशी हरलेल्यांत हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुलगे हरल्याचे दु:ख बापाने फार दिवस केले नसावे, कारण त्याच वर्षी त्याने डनलॉपबरोबर डब्लिनमध्ये टायरची कंपनी उभारली.

येथवर गोष्ट सरळ चालली. तिचा खरा चटका पुढे आहे. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच डनलॉपला कळविण्यात आले की त्याचा हक्क टिकणारा नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, हवेच्या चाकाचे पेटंट घेऊन ठेवले होते! थॉमसनने आपली चाके १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोड्याच्या गाडीला लावून लोकांना दाखविलीही होती. आत रबर लावलेले कापड, बाहेर कातडे, अशी त्यांची रचना होती, आणि ती चांगली चालत. तरीही जग त्यांना विसरून गेले. थॉमसन १८७३ मध्ये वारला. आपले चाक पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणार आहे, हे पाहावयास तो उरला नाही.

डनलॉपने थॉमसनची कल्पना चोरली काय? मुळीच नाही. त्यास तिची गंधवार्ताही नव्हती. मग एकाच कल्पनेला एकदा अपयश आणि एकदा यश का यावे? आमच्या मते उत्तर टायरात नसून वाहनात आहे. थॉमसनच्या वेळी सायकल नव्हती, मोटार नव्हती. जे ओझे घोडा ओढतो त्याचे हिसके मोजावयाचे कोणास सुचले नाही. १८८५ नंतर दोन सारख्या चाकांची सायकल प्रचारात आली आणि माणसाला स्वत:च्याच पायांनी स्वत:चे ओझे ओढावे लागले. तेव्हा त्यास हवेची किंमत कळली. टायर हा एकटा चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या वाहनाला आणि कोणत्या रस्त्यावर, हे आधी सांगावे लागते.

हा प्रश्न आज आपल्या उधन्यातही पडतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. हल्ली अनेक घरी लहान एस.यू.व्ही. मोटार आली आहे. ती उंच असते, रुबाबदार दिसते, आणि तिला ‘ऑल-टेरेन’, म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे, टायर लावावेत असा आग्रह बहुधा घरातील मुलेच धरतात. या टायरांच्या पृष्ठावर मोठाले ठोकळे असतात, मधल्या खाचा रुंद असतात आणि बाजूची भिंत सहसा जाड असते. मोकळ्या खडीवर आणि दगडगोट्यांत त्यांची पकड चांगली. अणकुचीदार दगडाने ते सहजी फाटत नाहीत. पण हे गुण फुकट मिळत नाहीत. टायर वजनाने जड, म्हणून इंधन अधिक जाते. सपाट रस्त्यावर ठोकळ्यांचा घरघराट ऐकू येतो. आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक लावला असता गाडी साध्या टायरांवर थांबली असती त्याहून बहुधा थोडी पुढे जाऊन थांबते. उधना दरवाजापासून सचीनपर्यंत पावसाळ्यात रोज जाणाऱ्याने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. पुढे शाळेतून सुटलेली मुले रस्ता ओलांडीत असतात.

यावर पालक म्हणतील की आम्ही सणावाराला गावी जातो, त्याचे काय? गावाचा रस्ता बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि धुळे. दोनशेहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास डांबरी महामार्गाचा आहे. कच्ची वाट उरते ती शेवटी शेतापर्यंतची. तीही काळ्या मातीची! आम्ही कोकणी मुलखातले; जांभ्या दगडाची तांबडी वाट पावसात धुपून खडबडीत होते, तेथे ठोकळ्यांचा टायर उपयोगी पडतो हे आम्ही जाणतो. पण खानदेशच्या काळ्या मातीचा चिखल त्या रुंद खाचांतही घट्ट बसतो आणि मग टायर ठोकळ्यांचा आहे की कुंभाराच्या चाकासारखा गुळगुळीत, हे ओळखू येत नाही. शिवाय बहुतेक लहान एस.यू.व्हीं.ची पुढची दोनच चाके इंजिनाने फिरतात. टायर बदलला म्हणून ती चारही फिरू लागत नाहीत. अशा वेळी गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून शेतापर्यंत पायी जावे, हा आमचा सल्ला. ज्यांची नोकरी धडगावच्या डोंगरात आहे, किंवा ज्यांस आठवड्यातून तीनचार वेळा खडीच्या वाटेने जावे लागते, त्यांनी हे टायर खुशाल घ्यावेत. इतरांनी महामार्गाचे टायर घ्यावेत. अगदीच मन होत नसेल तर मध्यम खाचांचा, सौम्य जातीचा ऑल-टेरेन टायर मिळतो, तो पाहावा.

मात्र कोणताही टायर घेताना त्याच्या भिंतीवरील अक्षरे वाचावीत. समजा, २१५/६० आर १६ असे लिहिले आहे. २१५ मिलिमीटर ही रुंदी. भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६०, म्हणजे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल रचना. आणि १६ इंच हा आतल्या चाकाचा व्यास. गणिताच्या तासाला हे उदाहरण आम्ही आनंदाने देऊ. मूळ मापाहून मोठा टायर बसविला तर वेगदर्शक काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, हेही त्याच गणिताने सिद्ध होते. भिंतीवर चार अंकांची एक तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर या अंकांमुळे ओळखता येतो. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असे समजावे, मग तो बाहेरून कितीही धडधाकट दिसो. आणि हवा किती भरावी ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते; ते सोडून अंदाजाने हवा भरणे म्हणजे डनलॉपच्या साऱ्या खटाटोपावर पाणी ओतणे होय.

डनलॉपच्या टायरालाही सुधारणा लागल्या. तो चाकाला चिकटवून टाकलेला असे, त्यामुळे छिद्र पडल्यास सोडविणे मोठे जिकिरीचे होई. वेल्च या इंग्रज गृहस्थाने कडेत तार घालून टायर काढघाल करण्याजोगा केला. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये तेच काम आपल्या रीतीने साधले आणि १८९५ साली पॅरिस ते बोर्दो व परत अशा शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून ती पळविली. तोवर टायरचे पृष्ठ साधे, सपाटच होते. मोटारीच्या टायरावर नक्षीदार खाचा पाडण्याचे श्रेय जर्मनीतील काँटिनेंटल कंपनीकडे, १९०४ सालाकडे जाते. ऑल-टेरेन टायर हे त्या खाचांचेच पुढे वाढलेले वंशज.

द्यू क्रोच्या कंपनीने वेल्च प्रभृतींचे हक्क विकत घेतले आणि ती तरली. डनलॉप मात्र १८९५ च्या सुमारास तिच्यातून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ती कंपनी ३० लक्ष पौंडांस विकली गेली. ज्याचे नाव पुढे तिने मिरविले, त्याच्या हाती त्या मानाने फारच थोडे लागले. त्याने डब्लिनमध्ये कापडाच्या व्यापारात लक्ष घातले. तेथेच २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्याचे देहावसान झाले. टायरच्या इतिहासाविषयी त्याने लिहून ठेवलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

त्याच्या नावाचा कारखाना १९३६ साली आपल्या देशात बंगालमधील साहागंज येथे निघाला. तो आता बंद पडला आहे, परंतु त्याने आणि इतर कारखान्यांनी बैलगाडीसाठीही हवेचे टायर बनविले, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या गाड्यांची लोखंडी धाव गेली. बैलांच्या खांद्यावरचा भार किती हलका झाला हे त्या जनावरांच्या डॉक्टराला पाहता आले असते, तर सायकलीच्या शर्यतींपेक्षा त्यास त्याचाच आनंद अधिक झाला असता, असे आम्हांस वाटते. उत्तर आयर्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर त्याचा दाढीधारी चेहरा छापला गेला. सायकलीसाठी केलेला त्याचा पहिला टायर एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. एकोणिसाव्या वर्षी जेथे तो जनावरांचा डॉक्टर झाला, त्याच शहरी.