गाठीतडे जपणारा सुतार

लाकडाच्या वखारीत दोन प्रकारचा माल असतो. सरळ रेषांच्या, बिनगाठीच्या, कडा साफ केलेल्या फळ्या भाव खातात. गाठी पडलेला, तडकलेला, वेडावाकडा माल कोपऱ्यात पडून राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू होप या गावी एक सुतार हा दुसऱ्या प्रकारचा माल विकत घेत असे. उत्तम लाकूड घेण्याची ऐपतच नसल्याने त्याला दुसरा मार्ग नव्हता. मात्र त्याच मालाने त्याला त्याची कला दिली. त्या सुताराचे नाव जॉर्ज नाकाशिमा. विसाव्या शतकातील श्रेष्ठ काष्ठकारागिरांत त्यांची गणना होते आणि त्यांच्या जडणघडणीत भारताचाही वाटा आहे.

नाकाशिमा यांचा जन्म २४ मे १९०५ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे झाला. आईवडील जपानहून आलेले. त्या भागातील घनदाट अरण्यांत भटकताना त्यांना वृक्षांचे वेड लागले. विद्यापीठात त्यांनी प्रथम वनशास्त्र घेतले, पण लवकरच ते वास्तुशास्त्राकडे वळले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पुढे मोटार विकून त्यांनी जगप्रवासाचे तिकीट काढले आणि पॅरिसमध्ये काही काळ राहून ते टोकियोला पोहोचले. तेथे अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कार्यालयात त्यांना नोकरी मिळाली.

याच नोकरीने त्यांना भारतात आणले. पाँडिचेरी येथील श्रीअरविंद आश्रमाने साधकांच्या निवासाचे काम रेमंड यांच्याकडे सोपविले होते. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या प्रयत्नाने निजामाकडून त्यासाठी देणगी मिळाली, म्हणून वास्तूला गोवळकोंड्याच्या खाणींवरून 'गोलकोंद' हे नाव पडले. पोलादी सळ्यांच्या काँक्रीटची ही वास्तू भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक मानली जाते. १९३७ मध्ये नाकाशिमा देखरेखीसाठी तेथे गेले आणि पाहता पाहता आश्रमवासीच झाले. साधक म्हणून राहायचे तर वेतन घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरविले. श्रीअरविंदांनी त्यांना 'सुंदरानंद' हे नाव दिले. या निवासासाठी त्यांनी सागवानी फर्निचरही तयार केले.

१९३९ मध्ये त्यांनी आश्रम सोडला आणि पुढे ते अमेरिकेस परतले. तेथील नव्या इमारती पाहून त्यांची निराशा झाली. आराखडा एकाचा आणि बांधणी दुसऱ्याची, अशा व्यवस्थेत कामाचा कस टिकत नाही, असे त्यांचे मत बनले. आरंभापासून अखेरपर्यंत आपल्याच हाती राहील असे काम त्यांना हवे होते. म्हणून त्यांनी वास्तुशास्त्र बाजूस ठेवून सिएटल शहरात सुतारकामाचा छोटा कारखाना थाटला. १९४१ मध्ये मॅरियन ओकाजिमा यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत झाली. ओसाड माळ, धुळीची वादळे आणि डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, असे तेथील जिणे होते.

तेथेच त्यांना गुरू भेटला. गेन्तारो हिकोगावा हे जपानमध्ये परंपरागत सुतारकाम शिकलेले कारागीर त्याच छावणीत होते. वास्तुविशारदाची पदवी घेतलेले नाकाशिमा त्यांचे शागीर्द झाले. बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची झुडुपे हाच त्यांचा कच्चा माल. जपानी हत्यारे कशी धरावीत, सांधा कसा बसवावा आणि मुख्य म्हणजे हाती आलेल्या तुकड्याचा कल ओळखून काम कसे करावे, हे ते या टाकाऊ लाकडावर शिकले.

१९४३ मध्ये रेमंड यांनी हमी घेतल्याने कुटुंबाची सुटका झाली. न्यू होप येथील रेमंड यांच्या शेतावर नाकाशिमा प्रथम कोंबड्या सांभाळत. पुढे श्रमाच्या मोबदल्यात त्यांनी थोडी जमीन मिळविली आणि स्वतःच्या हातांनी कारखाना व घर उभारले. वखारीतला नाकारलेला माल घरी येऊ लागला तो याच काळात.

अशा मालाची परीक्षा सोपी नसते. करवतीतून निघालेली फळी खरबरीत, मळकट दिसते; आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. रंधा फिरला, तेलाचा हात पडला की लाकूड बोलू लागते. खोडाला जेथे फांदी फुटते तेथे तंतू एकमेकांत घुसतात आणि पिसाऱ्यासारखी नक्षी उमटते. झाडाच्या अंगावर वाढलेल्या गाठाळ फुगवट्यात भोवऱ्यांसारखी वर्तुळे सापडतात. पण तोच रंधा दोषही उघडे करतो. कुठे आत कूज लागलेली असते, कुठे जुना खिळा रुतून त्याभोवती काळानिळा डाग पसरलेला असतो. शिवाय लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने अधिक आणि गाभ्याच्या दिशेने कमी आकसते. त्यामुळे तडे जातात. नक्षी आणि दोष यांचे मूळ बहुधा एकच, झाडाने काढलेले आयुष्य.

सुतारकामाचा रिवाज असा, की दोष कापून टाकावा किंवा भरून झाकावा. नाकाशिमांनी तो मोडला. फळीची सालीकडची नैसर्गिक कड त्यांनी तशीच राखली. तडा गेला असेल तेथे फुलपाखराच्या आकाराची कठीण लाकडाची चीप आडवी बसविली. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असल्याने ती तड्याच्या दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवते. ही युक्ती जुनीच. पण ती सर्वांना दिसेल अशी मेजाच्या पृष्ठभागावर मिरविण्याचे धैर्य त्यांचे. अर्थात प्रत्येक व्यंग त्यांनी गोड मानून घेतले असे नव्हे. कोणता तडा पेलवेल आणि कोणता वस्तूचा घात करील, हा निवाडा करण्यातच त्यांचे कसब होते.

पुढे पैसा आला, तसे ते अखंड ओंडके विकत घेऊ लागले. ओंडका चिरताना ते स्वतः उभे राहत, कारण पहिला काप कोठून घ्यायचा यावरच आतली नक्षी साधणार की वाया जाणार हे ठरते. चिरलेल्या फळ्या मूळ क्रमाने रचून वाळविल्या जात. योग्य उपयोग सुचेपर्यंत काही फळ्या वर्षानुवर्षे थांबून राहत. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांनी आपल्या निवासस्थानासाठी त्यांच्याकडून सुमारे २०० वस्तू करवून घेतल्या. त्याआधी १९६४ मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले होते. त्यांचे नमुने तेथील कारखान्यातही घडविले गेले. १९८१ मध्ये वृक्षाच्या आत्म्याविषयीचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

उत्तरायुष्यात एक प्रचंड काळा अक्रोड त्यांच्या हाती लागला. त्यातून शांततेसाठी वेदी घडवाव्यात, हे त्यांचे स्वप्न होते. पहिली १९८६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. १९८९ मध्ये प्रिन्स्टन येथील एका दांपत्याचे घर आगीत भस्मसात झाले आणि नाकाशिमांच्या शंभराहून अधिक वस्तू नष्ट झाल्या. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या पुन्हा घडविण्याचे काम त्यांनी स्वीकारले. ते पुरे होण्यापूर्वीच १५ जून १९९० रोजी त्यांचे निधन झाले. छावणीत तान्ही असलेली मीरा आता वास्तुविशारद झाली होती. तिने कारखाना पुढे चालविला. वेदींपैकी एक पुढे पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये आली.

२०१४ मध्ये न्यू होप येथील नाकाशिमांचे घर आणि कारखाना यांना अमेरिकेच्या सरकारने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. याच सरकारने १९४२ मध्ये त्यांना संशयित ठरवून काटेरी तारांआड बाजूला टाकले होते. वखारीतल्या कोपऱ्यातला माल पुन्हा एकदा नीट पाहावा, एवढीच सवय नाकाशिमांनी आयुष्यभर जोपासली. माणसांच्या बाबतीत ती त्यांच्या देशाला बऱ्याच उशिरा लागली.