कसारा घाटात दमलेला ट्रक आणि रुडॉल्फ डिझेल

मुलुंडच्या माझ्या मामाचा जुना ट्रक गेल्या वर्षी कसारा घाटात दम टाकायला लागला. पिकअप नाही, मागे काळा धूर. भंगारात घालायचा की इंजिन खोलायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

भांडुपच्या मेस्त्रीने आधी एअर फिल्टर पाहिला. तो साफ होता. मग इंजिन चालू ठेवून त्याने एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल केला. नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. आवाज पडला तर सिलिंडर काम करत होता असं समजायचं. सहापैकी दोन ठिकाणी आवाज फारसा बदललाच नाही. (आम्ही कोडमधला बग असाच शोधतो, एकेक भाग बंद करून.) दोन्ही नोझल टेस्टरवर लावले तर बारीक फवाऱ्याऐवजी डिझेल थेंबथेंब गळत होतं. मोठे थेंब पूर्ण जळत नाहीत; त्याचाच काळा धूर.

याच फवाऱ्याने रुडॉल्फ डिझेललाही छळलं. तो 1858 साली पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी जन्मला. 1870 च्या युद्धात कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं, आणि बारा वर्षांच्या पोराला शिकायला ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग, मग बर्फाच्या मशीन बनवणाऱ्या लिंडेकडे नोकरी. तेव्हाचं वाफेचं इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वाया घालवायचं, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

त्याची कल्पना अशी: सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी नकोच. कागदावर धरलेला दाब मात्र प्रत्यक्षात झेपणारा नव्हता, तो त्याला बराच खाली आणावा लागला. ऑगस्ट 1893 मध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. दाब 80 वातावरणांच्या वर गेला आणि मोजणारं यंत्रच फुटून उडालं. डिझेल थोडक्यात वाचला. फेब्रुवारी 1894 मध्ये इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चाललं, जेमतेम एक मिनिट. इंधन नीट फुटून पसरत नव्हतं. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताने ते आत फवारायचं ठरलं. 1897 मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी मोजलं तेव्हा कार्यक्षमता 26 टक्क्यांवर भरली. साडेतीन वर्षांचं डीबगिंग, आणि तेही लोखंडात!

पेटंटवर त्याने पुष्कळ पैसा कमावला आणि खटल्यांत, जमिनींच्या व्यवहारांत घालवलाही. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर जेवून तो केबिनकडे गेला, आणि सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत मिळालं. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, हा वाद अजून चालू आहे. मला स्वतःला कर्जाचा डोंगरच जास्त पटतो.

हवा फवारायला लागणारा कॉम्प्रेसर अवजड होता, म्हणून हे इंजिन आधी कारखान्यांत आणि बोटींत बसलं. ट्रकमध्ये ते 1920 च्या दशकात आलं, आणि बॉशचा पंप 1927 मध्ये निघाल्यावर खरं रुळलं. मामाच्या ट्रकवरचा पंप त्याच घराण्यातला.

दोन नोझल बदलून, टायमिंग लावून ट्रक परवा भिवंडीहून माल भरून नाशिकला गेला. घाट तिसऱ्या गिअरवर चढला म्हणे. धूर अजून जरासा आहे, पंप कॅलिब्रेशनला द्यायचाय.