वायूंचे गणित मांडणारा कायदेपंडित : आमेदेओ ॲव्होगॅड्रो

रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकात ॲव्होगॅड्रो हे नाव बहुतेकांनी वाचलेले असते. मात्र हा शास्त्रज्ञ मूळचा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा पंडित होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरीन शहरी एका सरदार घराण्यात झाला. कायद्याचा व्यवसाय घराण्यात परंपरेने चालत आलेला. आमेदेओ यांनीही तीच वाट धरली व १७९६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ख्रिस्तसभेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. काही काळ त्यांनी वकिली व सरकारी चाकरी केली, परंतु त्यांचे मन गणितात आणि भौतिकशास्त्रातच रमले. १८०० च्या सुमारास त्यांनी खाजगीरीत्या ह्या विषयांचा अभ्यास आरंभला आणि १८०९ मध्ये ते व्हेरचेल्ली येथील महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

त्यावेळी वायूंविषयी बरेच काही उमगले होते. तापमान कायम ठेवून वायूचे आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो, हे बॉइल यांनी १६६२ साली मांडले होते. दाब कायम ठेवून वायू तापवला की तो ठराविक प्रमाणात प्रसरण पावतो, हे गे-ल्युसॅक यांनी १८०२ साली प्रसिद्ध केले. दाब, आकारमान व तापमान ह्यांचे नाते असे जुळले होते; पण भांड्यात वायूचे कण किती, ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

त्यातच एक कोडे उभे राहिले. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन ह्यांच्या संयोगातून पाण्याची दोन भाग वाफ तयार होते. समान आकारमानात कणांची संख्या समान मानली, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे व्हायला हवेत. अणू तर अविभाज्य! म्हणून डाल्टन यांनी समान संख्येची कल्पनाच नाकारली.

ॲव्होगॅड्रो यांनी १८११ साली पॅरिसच्या एका नियतकालिकात ह्या कोड्याची उकल मांडली. तापमान व दाब सारखे असता, समान आकारमानाच्या कोणत्याही वायूंत कणांची संख्या समानच असते. मात्र ऑक्सिजनचा कण हा एकटा अणू नसून दोन अणूंचा रेणू आहे. तुटतो तो रेणू, अणू नव्हे. ह्या विचाराचे सामर्थ्य मोठे होते. दोन टोपल्यांत सारख्याच संख्येने फळे आहेत हे कळले, की टोपल्यांतील फळांच्या एकूण वजनांवरून एकेका फळाच्या वजनाची तुलना करता येते. तसे न दिसणारे रेणू तराजूच्या आवाक्यात आले.

तरीही जवळजवळ पन्नास वर्षे ह्या लेखाकडे फारसे कोणी वळले नाही. दोष केवळ जगाचा होता, असे म्हणणे न्यायाचे ठरणार नाही. ॲव्होगॅड्रो यांच्यापाशी स्वतःच्या प्रयोगांचा भक्कम आधार नव्हता, आणि त्यांची लेखनशैलीही क्लिष्ट होती. शिवाय एकाच जातीचे दोन अणू परस्परांना दूर लोटतात, अशी बर्झेलियससारख्या मातब्बरांची धारणा होती.

१८२० मध्ये तुरीन विद्यापीठात त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण झाले. १८२१ च्या राजकीय उठावानंतर ते बंद पडले. १८३४ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले व १८५० पर्यंत शिकवत राहिले. ९ जुलै १८५६ रोजी तुरीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या सिद्धांताला तोवर मान्यता मिळालेली नव्हती.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञ जमले. अणुभारांविषयी प्रत्येकाचे आकडे निराळे, त्यामुळे सारा गोंधळ माजला होता. सिसिलीचे स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांनी तेथे ॲव्होगॅड्रो यांची बाजू मांडली आणि परिषद संपताना त्यांची पुस्तिका वाटण्यात आली. ती वाचून लोथार मायर यांच्या शंका फिटल्या. पुढे आवर्तसारणी मांडणारे मेंडेलीव्हही त्या परिषदेस हजर होते.

दाब, आकारमान आणि तापमान ह्यांच्या जोडीला वायूचे परिमाण घेणारे आजचे समीकरण ह्याच पायावर उभे आहे. शून्य अंश सेल्सिअस तापमान व एक वातावरण दाब असता कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २२.४ लिटर जागा व्यापतो. त्यातील रेणूंची संख्या स्वतः ॲव्होगॅड्रो यांनी कधी मोजली नाही. तिला त्यांचे नाव १९०९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांनी सुचवले, आणि २० मे २०१९ पासून तिचे मूल्य ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असे कायमचे निश्चित झाले आहे.