शेताचा जागल्या

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली याचा जन्म 18 सप्टेंबर 1843 रोजी इंग्लंडात झाला. किडे निरखावेत आणि त्यांची हुबेहूब चित्रे काढावीत, हा त्याचा लहानपणापासूनचा छंद. वयाच्या सतराव्या वर्षी तो अमेरिकेत गेला व इलिनॉय राज्यात एका शेतावर राबू लागला. पुढे शिकागोच्या एका शेतकी नियतकालिकात तो किडींविषयी लिहू लागला. 1868 साली मिसुरी राज्याने त्याला कीटकतज्ज्ञ म्हणून नेमले.

रायली कचेरीत बसून राहणारा अधिकारी नव्हता. तो शेतोशेत हिंडे, पाने उलटून पाही, माती उकरी. कीड अंडी कोठे घालते, ती केव्हा फुटतात, पिके केव्हा धोक्यात येतात, याची तो बारकाईने नोंद ठेवी. शत्रूची दिनचर्या कळल्यावाचून त्याचा पराभव करता येत नाही, अशी त्याची धारणा होती.

1875 साली या धारणेची कसोटी लागली. आदल्या वर्षी रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळधाडीने पश्चिम मिसुरीच्या मातीत अंडी घातली होती. वसंत ऋतूत त्यांतून असंख्य पिले निघाली आणि उभी पिके फस्त करू लागली. पुन्हा पेरावे तर तेही टोळ खातील. न पेरावे तर पुढे उपासमार! शेतकरी हताश झाले. रायलीने मात्र सांगितले की, पंख फुटताच जूनमध्ये टोळ उडून जातील आणि त्यानंतरही मका पेरण्यास अवधी राहील. चर खणून पिले त्यांत लोटावीत, हिवाळ्यापूर्वी जमीन नांगरून अंडी उघडी पाडावीत, हेही त्याने शिकविले. जूनमध्ये टोळ खरोखरच निघून गेले आणि ओसाड शेते पुन्हा हिरवी झाली.

पुढे तो केंद्र सरकारचा कीटकतज्ज्ञ झाला. त्या वेळी कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या खवले किडीने वाळत होत्या. किडीच्या मायदेशी तिचा वैरीही असलाच पाहिजे, हे जाणून 1888 मध्ये त्याने आपला सहकारी आल्बर्ट कोबेले यास तिकडे धाडले. त्याने पाठविलेल्या अवघ्या 129 ढालकिड्यांची संतती बागांत पसरली व थोड्याच काळात बागा वाचल्या.

14 सप्टेंबर 1895 रोजी वॉशिंग्टन येथे सायकलवरून पडून रायलीचा अंत झाला. आजही मका व सोयाबीनच्या शेतात फिरून, किडी मोजून, मगच उपाय ठरविणारा शेतकरी त्याच्याच वाटेने चालत असतो.