सूर जुळविणारा गुरू : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

गवई म्हटला म्हणजे त्याचा गळा, त्याच्या ताना आणि राजेरजवाड्यांनी त्याचा केलेला गौरव ह्यांचीच वर्णने बहुधा वाचावयास मिळतात. गाणे सुरू होण्यापूर्वी तो आपले वाद्य कसे जुळवितो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्रोत्यांस तो वेळ वाया गेलासा वाटतो. परंतु आमच्या महाराष्ट्रात असा एक थोर गायक होऊन गेला की, ज्याच्या मनात वाद्य जुळविणे आणि गाणे ही दोन कामे निराळी नव्हतीच. त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांसाठी निवडले आहे.

ह्या निवडीस एक कारण आहे. बदनापूर व आसपासच्या खेड्यांतील मुलांच्या हाती अलीकडे युकुलेले नावाचे चार तारांचे लहानसे वाद्य दिसू लागले आहे. ह्याचे पूर्वज पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील. तेथील कारागीर १८७९ साली हवाई बेटांत गेले आणि तेथे त्यास आजचे रूप व नाव मिळाले. वाद्य हलके, शिकावयास सोपे, आणि स्वस्तही मिळते. परंतु स्वस्त वाद्य घरी आले की लवकरच रड सुरू होते. आता जुळविले, तर घटकेने उतरले. मोकळी तार गोड, तर बोट ठेवताच बेसूर. मूल कंटाळते, वाद्य कपाटावर जाऊन पडते, आणि ह्याच्या अंगी सूरच नाही असा शिक्का त्या मुलाच्या कपाळी बसतो. वाद्य पुन्हा विकत घेता येईल. तो शिक्का मात्र जन्मभर पुसत नाही. दोष लाकडाचा आणि शिक्षा लेकराला, हा न्याय नव्हे. खाँसाहेबांचे चरित्र ह्या बाबतीत आम्हांस पुष्कळ शिकविते.

अब्दुल करीम खाँ ह्यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराणा ह्या गावी झाला. हे गाव कैराना ह्या नावानेही ओळखले जाते. घराणे गायकांचे व सारंगी-बीन वाजविणाऱ्यांचे. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ ह्यांजकडे त्यांची तालीम झाली. गायनाबरोबरच सारंगी, बीन, सतार व तबला ह्या वाद्यांचाही त्यांनी अभ्यास केला. ही गोष्ट पुढील आयुष्यात फार उपयोगी पडली. सारंगीवर पडदे नसतात. तेथे बोट केसभर इकडेतिकडे झाले की स्वर बिघडतो, आणि तो बिघडल्याचे कानाखेरीज दुसरे कोणी सांगत नाही. अशा वाद्याच्या शिक्षणाने ज्याचा कान घडला, त्यास सुरातील बारीकसा दोषही सहन होऊ नये, ह्यात नवल ते काय?

तरुणपणी ते बंधू अब्दुल हक ह्यांच्यासह बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दरबारी राहिले. तेथे ताराबाई माने ह्यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे बडोदे सोडून उभयतांनी संसार थाटला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे हे महाराष्ट्रास सुपरिचित असलेले कलावंत ह्या उभयतांचीच अपत्ये होत. मुंबई व इतर ठिकाणी काही काळ काढल्यावर खाँसाहेबांनी मिरज हे आपले गाव मानले. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची निष्ठा होती आणि उरुसाच्या वेळी ते तेथे आपली गानसेवा अर्पण करीत.

मिरज हे गाव सतारी व तंबोरे बनविणाऱ्या कारागिरांचेही आहे. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा धंदा सुरू केला. पंढरपूर व मंगळवेढे ह्या भागांतले भोपळे तेथे येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावी राहणारे खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. मोडलेले वाद्य ते आपल्या हातांनी नीट करीत आणि प्रवासात त्यासाठी लागणारी हत्यारे बरोबर बाळगीत. एवढा मोठा गवई, परंतु हाती कानस घेण्यात त्यास कमीपणा वाटला नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

तंबोरा कसा जुळवितात, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यास चार तारा. पहिली बहुधा पंचमास, मधल्या दोन षड्जास आणि शेवटची जाड तार खर्जास लावतात. खुंटी पिळून तार स्वराजवळ आणावयाची, आणि उरलेले सूक्ष्म अंतर घोडीखालचे मणी सरकवून भरून काढावयाचे. एवढ्यानेही काम संपत नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवीत सरकवीत अशा जागी आणतात की, तार एकाएकी भरून बोलू लागते. ह्यास जवारी म्हणतात. वाजवून वाजवून तारेखाली चर पडला की जवारी बिघडते आणि घोडी पुन्हा घासावी लागते. ह्या साध्या दिसणाऱ्या घोडीतील मर्म पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी १९२१ साली शास्त्रीय लेखात विशद केले. तारेतून एका स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर निघतात, आणि घोडीच्या घडणीमुळे ते तेथे विशेष जोराने उमटतात, असे त्यांनी दाखविले. म्हणूनच उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो.

हा गांधार आणि बाजारच्या पेटीतील गांधार एक नव्हेत. तंबोऱ्यातील गांधाराची कंपनसंख्या षड्जाच्या सव्वापट असते. पेटीतील गांधार त्याहून किंचित चढा, म्हणजे सुमारे १.२६ पट असतो. अंतर लहान, परंतु तयार कानास ते खुपते. अशा सूक्ष्म अंतरांचा, म्हणजे श्रुतींचा, शोध घेण्याचे काम त्या काळी सांगलीचे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांनी चालविले होते. देवलांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० साली व क्लेमंट्स ह्यांचे १९१३ साली प्रसिद्ध झाले. ह्या शोधास खाँसाहेबांनी आपल्या गळ्याचे व कानाचे साहाय्य दिले. श्रुतींची एक खास पेटीही तयार झाली. परंतु तिने गायकवर्गाचे समाधान झाले नाही. असो. शास्त्रज्ञांस मोजमापासाठी ज्याच्या सुराचा आधार घ्यावासा वाटला, त्याची योग्यता ह्यावरून दिसून येते.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. विद्यार्थी तेथेच राहत, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय गुरूच करीत, आणि त्या खर्चासाठी खाँसाहेब ठिकठिकाणी जलसे करून पैसे आणीत. त्यांच्या शिकवणीत स्वरास पहिला मान होता. एकेक स्वर शांतपणे लावून त्यावर स्थिर होणे, हेच पुढे किराणा घराण्याचे लक्षण ठरले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व; आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. भीमसेनजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले, त्या कीर्तीचे मूळ असे ह्या एकेका स्वराच्या साधनेत आहे. खाँसाहेबांपाशी टिपू नावाचा एक कुत्रा होता आणि तोही तंबोऱ्याच्या सुरास सूर मिळवून आवाज देई, असे सांगतात. ही कथा ऐकून हसू येईल. परंतु धीराने शिकविणारा गुरू भेटला तर कोणाचाच कान फुकट जात नाही, एवढे तात्पर्य तीतून घ्यावयास हरकत नाही.

आता आमच्या मुलांच्या युकुलेलेकडे वळू. तंबोऱ्याचा कारभार आणि ह्याचा कारभार तत्त्वतः एकच: ताण बरोबर पाहिजे, घोडी बरोबर पाहिजे, आणि ऐकणारा कान जागा पाहिजे.

पहिली गोष्ट स्वरांची. घरच्या किंवा भजनी मंडळाच्या पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, तर युकुलेलेच्या तारा क्रमाने प, सा, ग, ध ह्या स्वरांस लावावयाच्या. चारही स्वर एकाच सप्तकातले. येथे कित्येक मुले फसतात. वादकाच्या हनुवटीकडील तार सर्वांत खालच्या स्वराची असावी असे समजून ती सैल सोडतात, आणि ती फडफडू लागते. तंबोऱ्याप्रमाणेच येथेही पहिली तार सर्वांत खालची नसते. युकुलेलेच्या पडद्यांची मांडणी पेटीच्या हिशेबानेच केलेली असल्यामुळे हे वाद्य पेटीशी जुळविणेच योग्य.

दुसरी गोष्ट तारांची. नायलॉनच्या नव्या तारा कित्येक दिवस ताणत राहतात, आणि त्यामुळे स्वर उतरतो. हा बिघाड नव्हे. तार हलक्या हाताने जराशी ओढून घ्यावी, पुन्हा जुळवावी, आणि आठवडाभर रोज हेच करावे. तार चढी झाल्यास प्रथम स्वराच्या खाली उतरवावी आणि मग खालून वर स्वरावर आणावी. म्हणजे खुंटीतील ढिलाई निघून जाते. तरीही खुंटी आपण होऊन फिरत असेल, तर तिचा लहान स्क्रू बेताने आवळावा.

तिसरी गोष्ट परीक्षेची. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तेथे बोट दाबले असता मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात निघाला पाहिजे. तो चढा निघाला, तर घोडी फार उंच असावी किंवा तार सदोष असावी. बारावा पडदा बरोबर, पण पहिले दोन पडदे मात्र चढे बोलतात, असे आढळल्यास दोष मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीत आहे. खाचा उथळ राहिल्यामुळे तार उंच राहते आणि दाबताना अधिक ताणली जाते. खाच थोडी खोल केली की हा दोष जातो. परंतु ते काम जाणत्या माणसाकडून करवावे, कारण खाच अधिक कापली गेली तर तार पडद्यावर घासून खरखरते. घोडीवरची पट्टी घासावयाची ती खालच्या अंगाने, आणि थोडथोडी.

चौथी गोष्ट हवेची. आमच्या मराठवाड्यातील उन्हाळा लाकडाचा शत्रू आहे. वाद्य उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवले तर घोडीचा सांधा सुटतो.

इतके करूनही प्रत्येक पडद्यावर निराळाच बेसूरपणा राहिला, तर पडदेच चुकीच्या जागी बसविले आहेत असे समजावे. ते वाद्य खेळणे होय. पालकांनी त्यावर अधिक खर्च करू नये, आणि मुलासही बोल लावू नये. शक्य तर विकत घेतानाच बाराव्या पडद्याची परीक्षा करावी; त्यास पैसा पडत नाही.

खाँसाहेबांची कीर्ती उत्तरोत्तर वाढत गेली. म्हैसूर दरबाराने त्यांस संगीतरत्न ही पदवी दिली. त्यांनी कर्नाटक संगीताचाही आदराने अभ्यास केला आणि त्यागराजांच्या कृतीची ध्वनिमुद्रिका दिली. झिंझोटी व भैरवी रागांतील त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या ठुमऱ्या आजही रसिक ऐकतात.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडल्यामुळे रात्री सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहान स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. अंत जवळ आल्याचे त्यांनी ओळखले होते, असे सांगतात. त्यांनी तंबोरा मागविला, तो जुळवून घेतला आणि दरबारी रागाच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना केली. २७ ऑक्टोबर रोजी त्यांचा देह शांत झाला. मिरजेस, त्यांच्या आवडत्या दर्ग्याच्या आवारात, त्यांस चिरविश्रांती लाभली.

अखेरच्या घटकेसही ज्याने तंबोरा जुळविल्यावाचून तोंडातून स्वर काढला नाही, त्याचे उदाहरण आमच्या मुलांपुढे असावे. विद्यार्थ्यांनो, हाती असलेले वाद्य शंभराचे असो वा लाखाचे, ते जुळविण्यात गेलेली घटका गाण्यातलीच समजा. आणि पालकहो, घरातले मूल बेसूर आहे असे म्हणण्यापूर्वी, त्याच्या हातातले वाद्य एकदा कोणा जाणत्याकडून पाहून घ्या.